आणीबाणीतले अधिकारी नंतर काय बोलले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा शेवटचा आठवडा आला की आणीबाणीची आठवण निघते, आणि त्यासोबत काही प्रश्न दरवर्षी तेच असतात. तुरुंगात गेलेल्यांविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. पण ज्यांच्या टेबलावरून ते हुकूम निघाले, ज्यांनी सह्या केल्या, ज्यांनी फोन घेतले, त्या लोकांचं काय? ते पुढे कधी बोलले, का बोलले, आणि त्यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? वाचकांकडून येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, ती लपवलेली नाहीत.

इंदिरा गांधींच्या जवळच्या वर्तुळातले नेमके कोण बोलले?

मोठी नावं पाच-सहा आहेत. पी. एन. धर हे पंतप्रधानांचे सचिव होते, त्यांचं पुस्तक 2000 साली आलं. बिशन टंडन त्याच सचिवालयात संयुक्त सचिव होते आणि रोजनिशी लिहीत होते, ती 2003 पासून छापून आली. इंद्रकुमार गुजराल माहिती व नभोवाणी मंत्री होते, त्यांचं आत्मचरित्र 2011 चं. प्रणव मुखर्जी तेव्हा अर्थखात्याचे राज्यमंत्री होते. त्यांनी त्या दशकाविषयी लिहिलेलं पुस्तक 2014 साली, ते राष्ट्रपतिपदावर असताना प्रसिद्ध झालं. मंत्रिमंडळ सचिव बी. डी. पांडे यांच्या आठवणी तर त्यांच्या मृत्यूनंतर, 2021 मध्ये वाचकांपर्यंत पोहोचल्या.

ही सालं सलग वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. इंदिरा गांधींचा मृत्यू 1984 चा. त्यांच्या हयातीत या पाचांपैकी एकाचंही पुस्तक आलेलं नाही.

मग त्या वेळी कुणीच विरोध केला नाही का?

केला, पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके. फली नरिमन हे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते. आणीबाणी लागताच, जून 1975 मध्येच, त्यांनी पद सोडलं. मुंबईतली वकिली मागे ठेवून ते या पदासाठी दिल्लीत आले होते. त्यांच्या राजीनाम्याने सरकार हललं नाही, पण नकार देता येत होता हे त्यांनी दाखवलं. म्हणूनच ‘तेव्हा दुसरा इलाजच नव्हता’ असं कुणी म्हणालं की मला आधी नरिमन आठवतात.

गुजराल यांनी वृत्तपत्रं आणि आकाशवाणीच्या बाबतीत संजय गांधींचे हुकूम घ्यायला नकार दिला. सरकारात कुठलंही पद नसलेल्या माणसाकडून आदेश घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. काही दिवसांतच खातं विद्याचरण शुक्लांकडे गेलं. गुजराल नियोजन खात्यात आणि पुढे राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. हा अर्धा विरोध म्हणायचा. त्यांनी हुकूम मानला नाही, पण सरकारही सोडलं नाही.

मोहन धारिया यांचं नाव महाराष्ट्रात तरी विसरलं जाऊ नये. ते केंद्रात राज्यमंत्री होते. जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने संवाद करावा असं ते उघडपणे सांगत होते, आणि त्याबद्दल मार्च 1975 मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या जवळजवळ चार महिने आधी, त्यांना मंत्रिपद गमवावं लागलं. आणीबाणीत ते तुरुंगात होते.

बाकीचे गप्प का बसले? एवढी भीती खरोखर होती का?

होती, आणि ती हवेत नव्हती. तिला पत्ते होते, तारखा होत्या.

एप्रिल 1975 मधलं मारुती प्रकरण घ्या. संजय गांधींच्या मारुती कंपनीबद्दल संसदेत प्रश्न आला होता. उत्तरासाठी माहिती गोळा करणं हे ज्यांचं रोजचं काम, अशा चार अधिकाऱ्यांमागे सीबीआयची चौकशी लागली, घरांवर छापे पडले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी माहिती मागवली. पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाने हे प्रकरण तपशिलात तपासलं, तेव्हाचे उद्योगमंत्री टी. ए. पै यांनीही त्यात साक्ष दिली. लक्षात घ्या, तेव्हा आणीबाणी लागलेलीसुद्धा नव्हती. सचिवालयातल्या प्रत्येकाला या बातमीतून जे समजायचं ते समजलं.

दुसरं उदाहरण परमेश्वर नारायण हक्सर यांचं. बांगलादेश युद्धाच्या काळात ते इंदिरा गांधींचा उजवा हात होते. मारुती आणि संजय या दोन्ही बाबतींत त्यांनी नापसंती बोलून दाखवली आणि 1973 मध्ये ते पंतप्रधान सचिवालयातून बाहेर पडले. जुलै 1975 मध्ये कॅनॉट प्लेसमधल्या त्यांच्या नातेवाइकांच्या ‘पंडित ब्रदर्स’ या दुकानावर छापा पडला आणि त्यांच्या वयोवृद्ध काकांना अटक झाली. आरोप किंमतीच्या चिठ्ठ्यांसारख्या क्षुल्लक बाबींचे. त्या वेळी हक्सर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ज्याच्या शब्दावर दोन-तीन वर्षांपूर्वी देशाचं परराष्ट्र धोरण ठरत होतं, त्याच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला कोठडीत जावं लागत असेल, तर साध्या उपसचिवाने काय समजायचं?

आणि बदल्या. आणीबाणीच्या तोंडावरच गृहसचिव निर्मल मुखर्जी यांना हलवून राजस्थानातून एस. एल. खुराना यांना आणलं गेलं. योग्य खुर्चीत योग्य माणूस बसवला की हुकूम मोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

तरीही माझं मत सांगते. भीती हे कारण आहे, ती सबब होऊ शकत नाही. शहा आयोगाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. अनेक अधिकारी नुसत्या दबावाच्या चाहुलीने वाकले आणि काहींनी तर बढतीच्या आशेने स्वतःहून पुढाकार घेतला, हे आयोगाला दिसलं.

25 जूनच्या रात्री वरिष्ठ अधिकाऱ्यांना काय माहीत होतं?

फार थोडं. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी 12 जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी 24 जूनला सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती त्यानंतर, 26 तारखेला सकाळी सहाला. आधी मंत्रिमंडळाची मान्यता घेण्याचा नियम बाजूला ठेवायला कामकाज नियमावलीतल्या बाराव्या नियमाचा आधार घेतला गेला.

मंत्रिमंडळ सचिव पांडे यांना बातमी कळली ती पहाटेच्या फोनने. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना रात्री बोलावून सांगण्यात आलं. पंतप्रधानांचे सचिव धर यांनाही निर्णय झाल्यानंतर, त्या रात्रीच कळलं. सल्ला दिला तो पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांनी. या सगळ्या साक्षी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हेतूंनी दिलेल्या आहेत, पण मूळ मुद्द्यावर जुळतात: ज्या यंत्रणेने पंतप्रधानांना थांबवायचं किंवा निदान विचारायचं, तिलाच वगळण्यात आलं. नंतर बोललेल्यांचं सगळ्यात मोठं योगदान मला हेच वाटतं. त्यांच्याशिवाय त्या रात्रीचा घटनाक्रम आपल्याला कळला नसता.

शहा आयोगापुढे अधिकारी मोकळेपणाने बोलले का?

काही बोलले, काही अडखळले, आणि बहुतेकांनी बोट वर दाखवलं.

माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग मे 1977 मध्ये नेमला गेला. दिल्लीत पतियाळा हाउसमध्ये सुनावण्या झाल्या. मार्च, एप्रिल आणि ऑगस्ट 1978 मध्ये असे तीन अहवाल आले. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करू देणाऱ्या कायद्याखाली, 34,988 आणि भारत संरक्षण नियमांखाली 75,818 लोकांना डांबल्याचे आकडे आपण आज सहज सांगतो, ते या आयोगामुळेच हाती आले.

सुनावण्यांत पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसतं. वरून तोंडी निरोप आला, खाली लेखी हुकूम निघाला. ज्याने सांगितलं त्याची सही कुठेच नाही, ज्याने ऐकलं त्याची सही सगळीकडे. दिल्लीचे नायब राज्यपाल किशन चंद यांनी आपण पंतप्रधानांच्या निवासस्थानातून येणाऱ्या सूचनांवर चालत होतो अशी बाजू मांडली. आयोगाने त्यांना जबाबदारीतून मोकळं केलं नाही. जुलै 1978 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांचा दोष मोठा होता, तरी सूचना देणारे मोकळे राहिले आणि हा माणूस एकटा पडला, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

एक प्रकरण विशेष सांगण्याजोगं आहे. 25 सप्टेंबर 1975 ला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारातून पोलिसांनी प्रबीर पुरकायस्थ या विद्यार्थ्याला उचललं. त्यांना हवे होते विद्यार्थी संघाचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी, जे पुढे राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. चुकीचा माणूस धरला हे कळल्यावर त्याला सोडायला हवं होतं. तसं न करता त्याच्याच नावाने मिसाचा हुकूम तयार करण्यात आला. सही करणाऱ्या दंडाधिकाऱ्याने आयोगापुढे दबावाची हकिगत सांगितली. ती खरी असेलही. पण त्या सहीमुळे एक तरुण जवळपास वर्षभर आत राहिला.

खुद्द इंदिरा गांधींनी साक्ष दिली का?

नाही. जानेवारी 1978 मध्ये त्या आयोगापुढे हजर झाल्या, पण शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. प्रणव मुखर्जींनीही तीच भूमिका घेतली.

शपथेवर बोलणं आणि पुस्तकात बोलणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साक्षीत खोटं बोललं तर शिक्षा आहे, उलटतपासणी आहे, समोर कागद ठेवून ‘मग ही सही कुणाची?’ असं विचारणारा वकील आहे. पुस्तकात प्रश्नही लेखकाचे आणि उत्तरंही त्याचीच.

धर यांचं पुस्तक आणि टंडन यांची रोजनिशी यांत जास्त विश्वासार्ह काय?

माझा कौल टंडन यांच्याकडे. त्याचं कारण त्यांचा स्वभाव किंवा प्रामाणिकपणा नाही, त्यांच्या लेखनाची तारीख आहे. पुढे काय होणार हे माहीत नसताना लिहिलेल्या ओळीला वेगळं वजन असतं. अलाहाबादच्या खटल्यासाठी पंतप्रधान सचिवालय किती गुंतलं होतं, कोण कुणाशी काय बोलत होतं, कार्यालयातलं वारं कसं फिरत होतं, हे त्या नोंदींत ताजं आहे. अर्थात रोजनिशीलाही डोळे एकाच माणसाचे. टंडन ज्यांच्यावर नाराज होते त्यांचं चित्र ती नाराजी लक्षात ठेवूनच पाहावं.

धर यांचं लेखन अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल असं, समतोल आणि विचारी आहे. इंदिरा गांधींचा दोष ते झाकत नाहीत. पण देश त्या टोकाला कसा आला याची जबाबदारी ते विरोधकांच्या आंदोलनांवर आणि संस्थांच्या दुबळेपणावरही टाकतात. ते वाचण्यासारखं आहे, फक्त पंचवीस वर्षांनंतर केलेली ही मांडणी आहे हे ध्यानात असू द्यावं.

हक्सर यांनी आठवणी का लिहिल्या नाहीत?

आत्मकथनपर लिहिलं, पण ते बालपणापाशीच राहिलं. सत्तेच्या वर्षांवर त्यांनी मौन पाळलं. घरावर एवढा घाव बसूनही त्यांनी कधी हिशेब चुकता केला नाही, याबद्दल अनेकांना आदर वाटतो, मलाही वाटतो. त्याच वेळी असंही वाटतं की एवढं पाहिलेल्या माणसाची साक्ष देशाची होती, एकट्याची नव्हती.

त्यांनी एकदा साक्ष दिली होती, अलाहाबादच्या खटल्यात, आणि तीही इंदिरा गांधींच्या बाजूने. इंदिरा गांधींच्या निवडणुकीचं काम करणाऱ्या यशपाल कपूर यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा नेमका कधी दिला यावर बरंच अवलंबून होतं. आपण तो 13 जानेवारी 1971 ला तोंडी मंजूर केला असं हक्सर यांनी सांगितलं. न्यायालयाने ते मानलं नाही, कारण कागदावर 25 जानेवारी होती. सरकारी नोकराचा निवडणुकीसाठी वापर, हाच त्या निकालाचा गाभा. म्हणजे आणीबाणीची ठिणगी पडली तीसुद्धा अधिकारी आणि नेता यांच्यातल्या सीमारेषेवरूनच.

यशवंतराव चव्हाण का बोलले नाहीत?

महाराष्ट्रातून सर्वात जास्त येणारा आणि सर्वात जास्त टोचणारा प्रश्न.

यशवंतराव तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. 26 जूनच्या सकाळच्या बैठकीनंतर ते मंत्रिमंडळात राहिले, शेवटपर्यंत. डिसेंबर 1975 मध्ये त्यांच्याच कराडला साहित्य संमेलन भरलं. ते स्वागताध्यक्ष, अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाई तुरुंगात गेल्या. एकाच मांडवाखाली एक लेखिका बोलली आणि देशाचा परराष्ट्रमंत्री बोलू शकला नाही, ही मराठी सार्वजनिक जीवनातली फार महत्त्वाची घटना आहे.

त्यांनी इंदिरा गांधींची साथ सोडली ती जानेवारी 1978 मध्ये, पक्ष फुटला तेव्हा, आणि काही वर्षांनी ते परतही आले. त्यांचं आत्मचरित्र तीन भागांत व्हायचं होतं. ‘कृष्णाकाठ’ 1946 पाशी थांबतं. दिल्लीची वर्षं ज्यात आली असती त्या ‘यमुनाकाठ’चा योग आला नाही, नोव्हेंबर 1984 मध्ये ते गेले. त्या भागात त्यांनी मोकळेपणाने लिहिलं असतं का, याचा अंदाज बांधणं मला प्रशस्त वाटत नाही.

ज्यांनी स्वतः सही केली त्यांचं नंतरचं बोलणं ऐकायचं तरी कशाला?

ऐकायचं, कारण आतली माहिती त्यांच्याकडेच आहे. पण ते काय बोलतात यासोबत स्वतःविषयी काय गाळतात तेही पाहायचं. प्रणव मुखर्जींनी आणीबाणी कदाचित टाळता आली असती असं लिहिलं, आणि घटनेतल्या आणीबाणीच्या तरतुदीची इंदिरा गांधींना आधी कल्पना नव्हती, ती राय यांनी सुचवली असंही लिहिलं. माहिती मोलाची आहे, पण तीत नेत्याच्या माथ्यावरचा थोडा भार दुसऱ्याकडे सरकतो हेही खरं. जगजीवनराम यांनी लोकसभेत आणीबाणीला मंजुरी मागणारा ठराव मांडला आणि 2 फेब्रुवारी 1977 ला, निवडणूक जाहीर झाल्यावर, पक्ष सोडला. त्यांच्या बाहेर पडण्याने जनता पक्षाचं पारडं जड झालं. उशिरा आलेलं धैर्यही उपयोगी पडतं, फक्त त्याला वेळेवरचं धैर्य म्हणू नये.

तेव्हा दिल्ली विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष असलेले जगमोहन मात्र वेगळ्या प्रकारात मोडतात. दिल्लीतल्या तुर्कमान गेट भागातल्या पाडकामाबद्दल त्यांनी 1978 मध्येच पुस्तक लिहिलं, पण ते आपल्या कामाच्या समर्थनासाठी. पुढे ते भाजपचे केंद्रीय मंत्री झाले.

खाल्ल्या मिठाला जागायला नको का?

या प्रश्नाचा मला राग येतो, तरी शांतपणे उत्तर देते. अधिकाऱ्याचा पगार नेत्याच्या घरातून येत नाही, जनतेच्या तिजोरीतून येतो. खासगी गप्पा, घरगुती दुःखं, आजारपण हे बाहेर आणणं विश्वासघातच. नेहरूंचे सहायक एम. ओ. मथाई यांनी 1978 मध्ये जे लिहिलं त्यात असा मजकूर खूप आहे आणि मी त्याला साक्ष मानत नाही. पण बेकायदा हुकूम कुणी दिला हे सांगणं हा विश्वासघात नाही, कर्तव्य आहे.

न्यायाधीशांनाही हेच लागू होतं का?

हो. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते का, या बंदीप्रत्यक्षीकरण खटल्यात 28 एप्रिल 1976 ला एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं, त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातले न्या. भगवती यांनी 2011 मध्ये चूक मान्य केली. बहुमतातलेच न्या. यशवंत चंद्रचूड यांचं मत 2017 च्या गोपनीयतेच्या निकालात त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी चुकीचं ठरवलं.

महाराष्ट्रातल्या कुणा अधिकाऱ्याने असं धैर्य दाखवलं का?

आणीबाणीनंतरच्या काळातलं एक नाव मी आवर्जून सांगते: माधव गोडबोले. बाबरी मशीद पडली तेव्हा ते केंद्रीय गृहसचिव होते. पंतप्रधान नरसिंह राव, गृहमंत्री शंकरराव चव्हाण. वास्तूचा ताबा केंद्राने घ्यावा यासाठी गृहखात्याने आधीच तपशीलवार योजना तयार केली होती, ती वापरली गेली नाही. मार्च 1993 मध्ये, निवृत्तीला अवधी असताना, गोडबोले यांनी सेवा सोडली आणि तीन वर्षांत सविस्तर लिहिलं. तेव्हा नरसिंह राव हयात होते, शंकरराव हयात होते, उत्तर देऊ शकत होते. बोलणाऱ्याने समोरच्याला उत्तराची संधी ठेवून बोलावं, ही माझी अपेक्षा त्यांनी पुरी केली.

कायद्याने माजी अधिकारी किती बोलू शकतात?

सेवेत असताना सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला आचारनियमांची बंदी आहे. निवृत्तीनंतर ती सैल होते, पण 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा जन्मभर लागू राहतो. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना 2021 च्या निवृत्तिवेतन नियमांतील दुरुस्तीने पूर्वपरवानगीची अट घातली. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या आठवणींचं प्रकाशन 2024 पासून मंजुरीत अडकलं होतं हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असेल. जागल्यांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा संसदेने संमत केला, अंमलात मात्र आणला नाही.

त्या मानाने एक सुधारणा फार मोलाची आहे. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2013 मध्ये सांगितलं की तोंडी सूचनांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, त्या लेखी नोंदवाव्यात. शहा आयोगापुढच्या साक्षी वाचल्या की या निकालाचं महत्त्व कळतं.

अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी अधिकारी लगेच बोलतात, मग आपल्याकडे पंचवीस वर्षं का लागतात?

तिथे प्रकाशकांची बाजारपेठ मोठी आहे आणि काँग्रेसच्या समित्या शपथेवर साक्ष घेतात. पण लगेच म्हणजे वेळेवर असं नाही. ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेले जॉन बोल्टन ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी प्रतिनिधिगृहापुढे आले नाहीत आणि काही महिन्यांनी, जून 2020 मध्ये, त्यांचं पुस्तक आलं. उलट कॅसिडी हचिन्सन या ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसमधल्या विशीतल्या तरुण सहायिकेने जून 2022 मध्ये शपथेवर, कॅमेऱ्यांसमोर साक्ष दिली. या दोघांत मी कुणाला मानते हे वेगळं सांगायला नको.

शहा आयोगाचा अहवाल आज वाचायला मिळतो का?

मिळतो. इंदिरा गांधी जानेवारी 1980 मध्ये सत्तेवर परतल्यावर त्याच्या प्रती दिसेनाशा झाल्या. द्रमुकचे माजी खासदार इरा सेझियन यांनी जपलेल्या प्रतीवरून 2010 मध्ये तो पुन्हा छापला. आता तो इंटरनेटवरही सापडतो. तीनही भाग इंग्रजीत आहेत आणि भाषा रुक्ष आहे. वेळ कमी असेल तर दिल्लीतल्या अटका आणि मारुती प्रकरण ही प्रकरणं आधी वाचा, मग धर आणि टंडन यांच्याकडे वळा.